तऱ्हाळ्याची नाणी आणि महामहोपाध्याय मिराशी

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वऱ्हाडातील कित्येक घरांत देव्हाऱ्यातील जुनी नाणी पाटावर मांडली जातात व हळदकुंकू वाहून त्यांची पूजा होते. अशाच जुन्या नाण्यांची एक आगळी उपासना महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी केली.

मिराशींचा जन्म १८९३ साली कोकणातील कुवळे या गावी झाला. १९१९ मध्ये ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले आणि विदर्भाचेच झाले. पुढे १९४७ ते १९५० या काळात अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी भूषविले.

१९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील (१९९८ पासून वाशीम जिल्ह्यातील) मंगरूळपीर भागात तऱ्हाळा या खेड्यात नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी दीड हजारांहून अधिक. पण सोने नाही, चांदी नाही! पोटीन नावाच्या हलक्या मिश्रधातूची ती नाणी. एका बाजूस सोंड उंचावलेला गजराज, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी-चिन्ह. बाजारात त्यांचे मोल ते काय असणार? असे कितीतरी साठे मुशीत वितळून गेले असतील. हा साठा वाचला, हे आपले भाग्यच म्हणावयाचे.

ठसा मोठा आणि नाणे लहान, त्यामुळे एकाही नाण्यावर राजाचे नाव धड पूर्ण उमटलेले नसे. एकावर आरंभीची दोन अक्षरे, दुसऱ्यावर शेवटची तीन. मिराशींनी शेकडो नाणी शेजारी ठेवून ब्राह्मी अक्षरे जुळविली. साठा फुटून घरोघरी वाटला गेला असता, तर हे कार्य कदापि साधले नसते. पुराणांच्या राजावलीतील सातवाहन राजा विजय त्या नाण्यांतून समोर उभा राहिला, आणि पुराणांना अज्ञात असे कुंभ, कर्ण व शक हे सातकर्णीही प्रकट झाले. पुराणे निव्वळ कल्पित मानणाऱ्यांना एक उत्तर मिळाले; पुराणांतील यादी परिपूर्ण मानणाऱ्यांनाही थोडे थांबावे लागले. श्रद्धावंताने त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

ख्रिस्ती सनाच्या त्या आरंभीच्या शतकांत पैठण व तेर येथील माल भडोच बंदरातून रोमन साम्राज्यापर्यंत जात असे, आणि मोबदल्यात रोमन नाणी भारतात येत. सोन्याचांदीच्या रोमन नाण्यांची महती सर्वत्र गाइली जाते. तमिळ प्रदेशात मिळणारी उत्तरकालीन रोमन तांब्याची नाणी मात्र आपल्या पोटीनप्रमाणेच दीर्घकाळ उपेक्षित राहिली.

एक सूचना येथे करावीशी वाटते. देव्हाऱ्यातील जुने नाणे चिंचेने घासून लखलखीत करू नये. त्या घासण्यात अक्षरे झिजतात. शेतात साठा सापडल्यास १८७८ च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे.

१९४१ साली महामहोपाध्याय आणि १९७५ साली पद्मभूषण हे सन्मान मिराशींकडे चालत आले. सातवाहन व पश्चिमी क्षत्रप यांच्या इतिहासावरील त्यांचा मराठी ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय ८६ वर्षांचे होते. १९८५ साली त्यांचे देहावसान झाले.