मूत्रपिंडविकारांचे आद्य संशोधक : डॉ. रिचर्ड ब्राइट

गरोदर स्त्री तपासणीस गेली की तिचा रक्तदाब मोजतात आणि लघवीत प्रथिन उतरते काय, तेही पाहतात. या साध्या तपासणीचे मूळ सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज वैद्याच्या साधनेत आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

रिचर्ड ब्राइट यांचा जन्म २८ सप्टेंबर १७८९ रोजी ब्रिस्टल येथे एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. एडिंबरो येथे शिकत असतानाच १८१० साली ते आइसलंडच्या शोधमोहिमेत सामील झाले. १८१३ साली त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली. पुढे हंगेरीच्या प्रवासावर त्यांनी १८१८ साली एक मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. नीट पाहावे आणि पाहिलेले लगेच टिपावे, ही त्यांची सवय या प्रवासांत मुरली.

१८२० साली लंडनच्या गाय्ज रुग्णालयात ते साहाय्यक चिकित्सक झाले. १८२२ साली मार्था बॅबिंग्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु पुढल्याच वर्षी, पुत्रजन्मानंतर थोड्याच दिवसांत मार्था निवर्तल्या. हा आघात सोसून ब्राइट पुन्हा रुग्णसेवेत गढून गेले.

त्या काळी सर्वांगाला येणारी सूज हाच एक स्वतंत्र रोग मानला जाई. ब्राइट अशा रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवीत. पुष्कळदा ती अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे गोठे. हे त्यांच्यापूर्वी इतरांनीही पाहिले होते. परंतु रुग्ण दगावल्यावर ब्राइट शवविच्छेदन करीत, आणि तेव्हा त्यांना मूत्रपिंडे विकृत झालेली आढळत. अंगावरची सूज, लघवीतले प्रथिन आणि बिघडलेली मूत्रपिंडे या तिन्ही गोष्टींची सांगड त्यांनी १८२७ सालच्या ग्रंथात घातली. पुढे कित्येक पिढ्या हा विकार ब्राइट यांच्याच नावाने ओळखला गेला. मात्र तो बरा करण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते.

अध्यापक म्हणूनही त्यांची योग्यता मोठी होती. रुग्णाच्या खाटेपाशी निरीक्षण, लघवीची परीक्षा आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन हा क्रम त्यांनी विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पाडला. १८४२ साली रुग्णालयाने मूत्रपिंडविकारांच्या अभ्यासासाठी ४२ खाटांचे दोन कक्ष आणि त्यांना जोडून एक प्रयोगशाळा राखून ठेवली. तेथे ब्राइट यांच्या देखरेखीखाली तरुण डॉक्टर काम करू लागले.

याच रुग्णालयात जॉन लीव्हर हे प्रसूतितज्ज्ञ होते. प्रसूतीच्या सुमारास काही स्त्रियांना अकस्मात झटके येत आणि त्यांत अनेकींचा अंत होई. त्यांच्या सुजेत लीव्हर यांना ब्राइट यांच्या रुग्णांशी साम्य दिसले. त्यांनी त्यांची लघवी तपासली, तेव्हा बहुतेकींच्या लघवीत प्रथिन सापडले. निरोगी बाळंतिणींच्या लघवीत ते नव्हते. १८४३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर हे प्रथिन नाहीसे होते, हेही लीव्हर यांनी नोंदवले. म्हणजे हा विकार ब्राइट यांच्या रोगाहून निराळा होता. त्याचे मूळ वारेत असून मूत्रपिंडांना केवळ त्याची झळ बसते, हे आज आपण जाणतो.

ब्राइट यांचे १६ डिसेंबर १८५८ रोजी लंडन येथे निधन झाले. आपल्या ज्ञानाची दारे त्यांनी इतरांसाठी खुली ठेवली; म्हणूनच जे त्यांनी स्वतः शोधले नाही, तेही त्यांच्या छायेत सापडले. त्यांच्या पत्नीचा मृत्यू कोणत्याही कारणाने झालेला असो, बाळंतपणात घर कसे उजाड होते हे त्यांनी अनुभवले होते. त्यांच्या कार्यातून निघालेल्या तपासणीने पुढे असंख्य मातांना वेळीच सावध केले.

आपल्या घरातील लेक वा सून गरोदर असेल, तर ही तपासणी क्षुल्लक मानू नये. चेहऱ्यावर सूज, सतत डोके दुखणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसताच तिला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.