बेल हेल्मेट उभं करणारा रॉय रिक्टर कोण होता आणि त्याच्यानंतर कंपनीचं काय झालं?

मोटोक्रॉस बघितलंय कधी? मातीचा ट्रॅक, दोन-दोन माणसं उंच उड्या आणि बाईकसकट हवेत तरंगणारा रायडर. त्याच्या हेल्मेटला वर लांब चोच असते आणि हनुवटीचा भाग पुढे आलेला असतो. अशा हेल्मेटवर हमखास दिसणारं एक नाव म्हणजे बेल.

बेल म्हटलं की टेलिफोनवाला ग्रॅहम बेल आठवतो, पण त्याचा इथे काही संबंध नाही. बेल हे कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळचं एक छोटं शहर. 1923 साली जॉर्ज वाइट नावाच्या माणसाने तिथे बेल ऑटो पार्ट्स नावाचं दुकान टाकलं. सुरुवात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांपासून. हळूहळू गाड्या जोरात पळवायची खाज असलेली पोरं तिथे जमायला लागली आणि दुकान रेसिंगवाल्यांचा अड्डा बनलं.

याच अड्ड्यावर रॉय रिक्टर आला. भूकंप मोजणारा रिश्टरही कॅलिफोर्नियाचाच, पण तो वेगळा. आपला रिक्टर 1914 सालचा, हातात कसब असलेला गडी. मंदीच्या काळात तो छोट्या मिजेट रेसिंग कार बांधायचा आणि स्वतः पळवायचाही. पुढे वाइट वारला, आणि दुसरं महायुद्ध संपता संपता, 1945 मध्ये, रिक्टरने ते दुकान घेतलं. किंमत सांगतात ती 1,000 डॉलर.

धंदा चांगला होता, पण रेसिंगच्या ट्रॅकवर माणसं मरत होती. त्यात रिक्टरचे जवळचे मित्रही होते. तेव्हाच्या रेसर्सच्या डोक्यावर जे असायचं त्याला आज आपण हेल्मेट म्हणणार नाही. चामड्याची टोपी, नाहीतर आत पट्ट्यांचं जाळं असलेलं कडक कवच. वरून दगड पडला तर ठीक, पण शंभरच्या स्पीडने भिंतीला धडकल्यावर त्याचा काय उपयोग?

1954 मध्ये रिक्टरने बेल 500 हे हेल्मेट बाजारात आणलं. पण खरी गंमत त्याच्या पुढच्या मॉडेलमध्ये, 500-टीएक्समध्ये होती. त्याच्या आत पॉलिस्टायरिनचा थर होता. म्हणजे आपल्या भाषेत थर्माकोलच, फक्त जास्त घट्ट. डोकं आपटलं की हा थर चिरडतो आणि धक्क्याची ऊर्जा त्या चिरडण्यात खर्च होते, कवटीपर्यंत कमी पोचते. एकदा चिरडला की तो परत फुगत नाही. म्हणूनच जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकाचक दिसलं तरी फेकून द्यायचं असतं. तुमच्या स्कूटरच्या डिकीत पडलेल्या आयएसआय हेल्मेटच्या आतही हाच प्रकार आहे, काढून बघा.

त्याच सुमारास पीट स्नेल नावाचा एक रेसर 1956 मध्ये डोक्याला मार लागून गेला. त्याच्या मित्रांनी त्याच्या नावाने स्नेल फाउंडेशन काढलं आणि हेल्मेट आपटून, तपासून मगच पास करायची पद्धत सुरू केली. त्यांच्या परीक्षेत पहिलं पास झालेलं हेल्मेट बेलचं होतं. 500-टीएक्स आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.

मग 1968. डॅन गर्नी इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत तोंड, हनुवटी सगळं झाकणारं हेल्मेट घालून उतरला आणि दुसरा आला. ते होतं बेल स्टार. पुढच्या दशकात तीच कल्पना मातीत उतरली आणि मोटो-3 आलं, ज्याच्यामुळे मोटोक्रॉसवाल्यांना बेलचं वेड लागलं. 1975 मध्ये सायकलवाल्यांसाठी बेल बायकर आलं.

रिक्टर फक्त हेल्मेटवर जगत नव्हता, हेही सांगायला हवं. क्रेगर नावाची गाड्यांची चमकदार चाकं हा त्याचाच माल. 1963 मध्ये अशा पार्ट्सवाल्यांची जी संघटना अमेरिकेत उभी राहिली, तिच्या संस्थापकांतही तो होता.

निवृत्त होताना त्याने धंदा विकला आणि 1983 मध्ये तो गेला. इथून पुढे त्याच्या नावाशिवायची गोष्ट सुरू होते.

1990च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या मालकांनी मोटरसायकल हेल्मेटचा धंदाच सोडून दिला. कारण साधं. अपघात झाला की हेल्मेटवाल्यावर खटला, आणि अमेरिकेत एका खटल्याची भरपाई वर्षाची कमाई खाऊन टाकू शकते. सायकलच्या हेल्मेटला मागणी होती, त्यात धोका कमी. बेल स्पोर्ट्स 1992 मध्ये शेअर बाजारात आली. म्हणजे ज्या हेल्मेटने नाव कमावलं ते गेलं आणि नाव राहिलं. अनेक वर्षांनी बेल मोटरसायकलकडे परतली.

1998 मध्ये गुंतवणूकदारांनी कंपनी शेअर बाजारातून बाहेर काढली, 2000 मध्ये ती फेनवे पार्टनर्सकडे गेली. अशा फंडांचं गणित ठरलेलं असतं. थोडे पैसे स्वतःचे, बाकी कर्ज, आणि ते कर्ज बहुतेक वेळा विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर. काही वर्षांत खर्च कापायचा, चार कंपन्या एकत्र करायच्या आणि चढ्या भावाने पुढच्याला विकायच्या. बेल 2006 मध्ये ईस्टनसोबत जोडली गेली. पण फंड म्हणजे सरसकट खलनायक असंही मला वाटत नाही. 2014 मध्ये याच मालकीत असताना कंपनीने मिप्स या स्वीडिश कंपनीत पैसे घातले. तिरका मार बसला की मेंदूला बसणारा पीळ कमी करणारा सरकता थर ती बनवते.

2016 मध्ये व्हिस्टा आउटडोअरने बेल आणि तिच्या भावंड ब्रँड्सना 40 कोटी डॉलरला घेतलं. व्हिस्टाचा मोठा धंदा बंदुकीच्या गोळ्यांचा. 2018 मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला आणि आरईआय या मोठ्या दुकान साखळीने व्हिस्टाच्या मालाच्या नव्या ऑर्डरी थांबवल्या. डोकं वाचवणारी हेल्मेट्स त्यात अडकली, ती कशामुळे तर मालकामुळे. 2022 मध्ये व्हिस्टाने 1974 पासूनचा मोटोक्रॉसचा लाडका ब्रँड फॉक्स रेसिंगही 54 कोटी डॉलरला घेतला. त्यामुळे दुकानात एकमेकांशी भांडणारे दोन ब्रँड एकाच घरात आले. मग गोळ्यांचा धंदा एका चेक कंपनीला गेला आणि जानेवारी 2025 मध्ये उरलेला भाग, रेव्हलिस्ट या नावाने, स्ट्रॅटेजिक व्हॅल्यू पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीने घेतला. बेल, फॉक्स आणि इतर ब्रँड मिळून 112.5 कोटी डॉलर.

आणि फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरच्या डोक्यावर जे बेल दिसतं, ते या कंपनीचं नाहीच. कार रेसिंगचा भाग कधीच वेगळा झालाय, त्याचा मालक इटलीतला रेसिंग फोर्स ग्रुप आहे आणि ती हेल्मेट्स बहारीनमध्ये बनतात.

मधल्या काळात बेलने जुनं मोटो-3 पुन्हा बाजारात आणलं. बाहेरून अगदी तेच, 1970च्या दशकातलं. आतलं थर्माकोल मात्र आजच्या नियमांप्रमाणे.