मांजराचं चित्र आणि ताराबाई

सुट्ट्या लागल्या की आमच्या अंगणात गल्लीतली दहा-बारा लेकरं जमतात. यंदा कुणीतरी मोबाईलवरून मांजरांची चित्रं शोधून काढली आणि झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली. नुसत्या काळ्या रेघांची चित्रं, आत आपण रंग भरायचा. लोकरीच्या गुंड्याशी खेळणारं मांजर, खिडकीत बसलेलं मांजर, गळ्यात फीत बांधलेलं मांजर. आता आपल्याकडच्या मांजरानं लोकरीचा गुंडा कधी पाहिलाय? ते बिचारं चुलीजवळ नाही तर दुधाच्या पातेल्याजवळ. पण पोरं खूश होती. दोन रुपयांच्या कागदानं दोन तास घरात शांतता, म्हणून आयाही खूश होत्या.

त्यात एक चार वर्षांची चिमुरडी होती. तिनं हिरवा खडू घेतला आणि मांजर हिरवंगार करून टाकलं. रंग रेघेच्या बाहेर, शेपटीच्या पलीकडे, पार कागदाच्या टोकापर्यंत गेला. मी, चांगली शिकलेली, अंगणवाड्यांमधून फिरणारी बाई, तिचा हात धरून रेघेच्या आत आणला आणि मांजर हिरवं नसतं हेही समजावून सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, खडू खाली ठेवला आणि उठून गेली. पुन्हा काही केल्या चित्राला हात लावेना.

त्या रात्री मला ताराबाई मोडक आठवल्या. आपण रोज ‘अंगणवाडी’ म्हणतो. पोराला तिथे सोडतो, पोषण आहार आणतो, वजन करून घेतो. पण तो शब्द ज्यांच्या कामातून आला त्या बाई आपल्यापैकी किती जणींना माहीत आहेत? आणि त्यांच्या आयुष्याचा एक धागा आपल्या वऱ्हाडातून गेलेला आहे, हे तर फारच थोड्या जणींना ठाऊक असेल.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजातले, सुधारकी विचारांचे. मुलींना शिकवायचं की नाही हा प्रश्नच त्या घरात नव्हता. 1914 साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर बाई म्हणजे लोक वळून बघत. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि मुंबईची ही मुलगी वऱ्हाडात आली. अमरावती म्हणजे आपलं विभागाचं गाव. तेव्हा अमरावती, अकोला, यवतमाळ आणि आपला बुलडाणा हे वऱ्हाडचे चार जिल्हे होते.

संसार मात्र टिकला नाही. 1921 साली दोघं वेगळे झाले. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळं होणं म्हणजे काय असेल, याची कल्पना करून बघा. आजही आपल्या गावात अशी बाई भाड्यानं खोली मागायला गेली तर आधी चार प्रश्न विचारले जातात. ताराबाईंच्या पदरी तान्ही लेक होती. हातात पदवी होती, एवढाच आधार. त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. मान होता, पगार होता. एकट्या बाईनं तिथेच आयुष्य काढलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती.

पण लेक मोठी होत होती. तिला कसं शिकवावं, हा प्रश्न आईच्या मनात होता. अशात त्यांना भावनगरच्या गिजुभाई बधेकांच्या कामाची माहिती झाली. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणासाठी वाचता वाचता माँटेसरीबाईंच्या पुस्तकांपाशी पोचले आणि वकिली सोडून लहान मुलांत रमले. लोक त्यांना कौतुकानं मिशीवाली आई म्हणत. दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी 1920 साली बालमंदिर काढलं होतं. तिथे छडी नव्हती, परीक्षा नव्हती, पहिल्या नंबराचं बक्षीसही नव्हतं. गाणी, गोष्टी, नाटक, चित्रं आणि मातीकाम होतं. 1923 साली ताराबाई प्राचार्यपद सोडून तिथे गेल्या. एक चांगली नोकरी सोडून बाई पोरांशी खेळायला गेली, असंच तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं असणार.

इथे मांजराच्या चित्राकडे थोडं परत येते. रोममध्ये 1907 साली मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंनी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह सुरू केलं. त्यांच्या साधनांत धातूच्या चौकटी असतात. त्यातला गोल, त्रिकोण, लंबगोल आकार कागदावर ठेवून मूल कडेनं पेन्सिल फिरवतं आणि मग आत रंगीत पेन्सिलीनं रेघा ओढून तो आकार भरतं. बोटांना पेन्सिल धरायची सवय व्हावी, हात कुठे थांबवायचा ते कळावं आणि पुढे अक्षर काढताना त्रास होऊ नये, हा त्यामागचा विचार. म्हणजे रेघेच्या आत रंग भरणं हे काही वाईट काम नाही. आपल्या झेरॉक्सच्या मांजराचाही तो एक उपयोग आहेच. पण तिथे आकार मूल स्वतः निवडतं, रंग स्वतः निवडतं, कंटाळा आला की ठेवून देतं. मोठं माणूस बाजूला बसून नुसतं पाहतं. हात धरत नाही. माझी चूक झाली ती इथे.

तीन वर्षांचं लेकरू नुसत्या गिरगोट्या काढतं. मग एक गोल काढतं आणि त्यालाच थेट पाय फुटतात. पोट नाही, मान नाही. ते त्याचं मांजर असतं आणि तेच त्याची आईही असते. आपण हसतो. ताराबाई आणि गिजुभाईंसारखी माणसं त्याकडे लक्ष देऊन पाहत राहिली, हाच काय तो फरक.

1926 साली दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. शिक्षण पत्रिका नावाचं मासिक गुजरातीत आणि मराठीत निघू लागलं. पुढे 1936 साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. बालशिक्षिका तयार होऊ लागल्या, नाव झालं. पण तिथे येणारी मुलं कुणाची? शहरातल्या मध्यमवर्गीय घरांतली. माँटेसरीची साधनं महाग, फी परवडणारीच घरं यायची. ताराबाईंना हे टोचत असणार, कारण 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, हे बस्तान सोडून त्या खेड्यात गेल्या. ठाणे जिल्ह्यातलं समुद्रकाठचं बोर्डी. आता ते पालघर जिल्ह्यात येतं. त्रेपन्नावं वर्ष म्हणजे आपल्याकडे सुना आणायचं आणि गुडघे चोळत बसायचं वय.

बोर्डीत त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. 1910 सालचा जन्म. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत कपाळ पुसलं गेलं. शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि 1945 मध्ये ताराबाईंच्या हाकेला ओ देऊन आल्या. एक नवऱ्यापासून वेगळी झालेली, दुसरी बालविधवा. सणासुदीला हळदीकुंकवाच्या यादीत दोघींचंही नाव लागलं नसतं. या दोघींनी मिळून उभ्या देशाच्या लेकरांसाठी काय केलं ते पुढे बघा.

बोर्डीत बालवाडी निघाली. गावातली मुलं आली. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतली मुलं आली नाहीत. बोलावलं, समजावलं, तरी नाही. आईबाप भल्या पहाटे मजुरीला जात. मोठं भावंड धाकट्याला कडेवर घेऊन हिंडे. आणि गावकुसाच्या आत यायची भीती तर पिढ्यान्‌पिढ्यांची. मग ताराबाईंनी सोपी गोष्ट केली. मुलं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडी मुलांच्या दारात न्यायची. वस्तीतलं एखादं अंगण झाडायचं, सडा टाकायचा, पोरांना गोळा करायचं, हातपाय धुवायचे, नखं काढायची, केस विंचरायचे आणि मग गाणी नि गोष्टी. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी. मजुरीवरून येणाऱ्या आया आपल्याच दारात आपलं पोर स्वच्छ होऊन गाताना पाहत. ती शाळा मुलांइतकीच आयांचीही झाली.

साधनांचं काय? इटलीहून आणायला पैसे कुठले. समुद्रावर शिंपले आहेत, ओढ्यात गोटे आहेत, झाडाखाली बिया, पानं, बांबूच्या कांड्या आहेत. मोजायला, लावायला, लहानमोठं ओळखायला याहून काय लागतं? माँटेसरीबाईंचं तत्त्व ताराबाईंनी घेतलं आणि पेटारा आपल्या मातीतल्या वस्तूंनी भरला. मला त्यांचं हे सगळ्यात मोठं काम वाटतं. पदवी, पुरस्कार सगळं बाजूला ठेवा. गरिबाच्या लेकरालाही विचार करून शिकवलं पाहिजे आणि ते त्याच्या परवडीत बसलं पाहिजे, हे त्यांनी करून दाखवलं.

1957 साली काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं, डहाणू भागातल्या वारली आदिवासींच्या वस्तीत. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या. इथली मुलं शाळेत का येत नाहीत, तर गुरं चारायला जातात म्हणून. मग कुरणातच शाळा भरली. मोठी मुलगी का येत नाही, तर कडेवर तान्हं भावंड असतं म्हणून. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात. याला विकासवाडी म्हणत. पोराला शाळेत का पाठवत नाही म्हणून आईबापांना दटावणारे पुष्कळ भेटतात. ताराबाई अडचण काय आहे ते आधी विचारत आणि मग शाळा त्या अडचणीच्या मापानं कापत.

आणि हे वारली घर कसं, तर कुडाच्या भिंतीला गेरू-शेणाचा हात आणि त्यावर तांदळाच्या पिठानं काढलेली चित्रं. लग्नाचा चौक सवाष्णी काढत. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस झाला, वर गोल म्हणजे डोकं. कुणी आधी रेघा आखून दिलेल्या नसतात. ज्या लेकरांच्या आया-आज्यांच्या हातात अशी कला होती, त्यांना शिकवायला ताराबाई टेकडी चढून गेल्या होत्या, हे मला कोसबाडचं वाचताना दरवेळी जाणवतं. आपल्याही आज्या पोळ्याला, दिवाळीला भिंती रंगवायच्याच की. आता डिस्टेंपर आला.

1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि गावोगावच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. चिखली असो, मेहकर असो की लोणार, ती पाटी आता सगळीकडे दिसते. ज्यांच्या कामातून तो शब्द आला त्यांना ती पाटी पाहायला मिळाली नाही. अनुताईंनी मात्र कोसबाडचं काम 1992 मध्ये जाईपर्यंत सांभाळलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या चिमुरडीला बोलावलं नाही. ओट्यावर कालच्याच कागदांची कोरी बाजू वर करून ठेवली, जवळ खडू, चुलीतला कोळसा आणि गेरूचा एक खडा ठेवला आणि शेंगा फोडत बसले. बऱ्याच वेळानं ती आली. गेरू उचलला आणि खाली मान घालून काहीतरी काढायला लागली. एक मोठा गोल, त्याला पाच पाय, आणि शेपटी कागद संपला म्हणून ओट्याच्या फरशीवर गेली. संध्याकाळी फरशी पुसताना तेवढी शेपटी मी तशीच राहू दिली.