लुई पाश्चर: ॲसिडमध्ये बॅक्टेरिया अडकतो, मग यीस्ट का नाही?

आमच्या करकंबला विठ्ठलराव शिंदे साखर कारखान्याचं युनिट 2 आहे. गाळप सुरू झालं की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. साखर काढून झाल्यावर जी दाट काळी मळी उरते, तिच्यापासून डिस्टिलरीत इथेनॉल बनतं. मळी पाण्यात पातळ करायची आणि यीस्ट सोडायचं. पण त्याआधी बऱ्याच ठिकाणी त्यात थोडं सल्फ्युरिक ॲसिड घालून पीएच 4.5 च्या आसपास आणतात. का? तर बहुतेक बॅक्टेरियांना एवढा आंबटपणा सोसत नाही, यीस्टला सोसतो.

पीएच 7 म्हणजे साधं पाणी. आकडा एकाने खाली आला की आम्लता दहापट वाढते, म्हणजे 4.5 ला ती जवळपास 300 पट असते. गंमत म्हणजे ही मोजपट्टी 1909 ची आहे, आणि आज ज्याची गोष्ट सांगतोय तो 1895 मध्येच गेला होता. लिटमसवर काम भागवणारा माणूस.

लुई पाश्चरचा जन्म 27 डिसेंबर 1822 चा, फ्रान्समधल्या दोल गावचा. वडील कातडी कमावण्याचा धंदा करायचे, त्याआधी नेपोलियनच्या सैन्यात होते. मुलगा चित्रं छान काढायचा, अभ्यासात बेताचा. पुढे पॅरिसला केमिस्ट्री शिकला आणि 1848 मध्ये, पंचविशीत, टार्टारिक ॲसिडच्या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली हाताने निवडून वेगळे केले. हे ॲसिड द्राक्षात असतं. नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

1854 मध्ये तो लील शहरात प्राध्यापक झाला. तिथे उसाऐवजी बीट. 1856 मध्ये बिगो नावाचे एक कारखानदार तक्रार घेऊन आले: बीटच्या रसापासून अल्कोहोल बनवताना काही टाक्या आंबून नासतात. पाश्चरने थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चांगल्या टाकीत यीस्टचे गोल दाणे, नासलेल्या टाकीत बारीक काड्या. काड्या म्हणजे बॅक्टेरिया, साखरेचं लॅक्टिक ॲसिड करणारे. तेव्हा मोठमोठे केमिस्ट म्हणायचे की आंबणं ही निव्वळ रासायनिक सडण आहे. पाश्चरने दाखवलं की ते जिवंत पेशींचं काम आहे, आणि कुठली पेशी जिंकणार हे रस किती आंबट यावर बरंचसं ठरतं.

मधली वर्षं वाईट गेली. पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच वारल्या, त्यातल्या दोघी टायफॉइडने. 1868 मध्ये पक्षाघाताने डावी बाजू अधू झाली. तरी काम थांबलं नाही. माणूस म्हणून तो सोपा नव्हता: हट्टी, वादात समोरच्याला सोलून काढणारा.

1876 च्या बिअरवरच्या पुस्तकात त्याने टार्टारिक ॲसिड परत काढलं. यीस्टमध्ये बॅक्टेरिया मिसळलेत? मग ते ॲसिड घातलेल्या साखरेच्या पाण्यात वाढवा, बॅक्टेरिया मागे पडतील. भारी फिल्टर! फक्त त्यात एक भोक होतं. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या एमिल हान्सेनने दाखवलं की या उपायाने बॅक्टेरिया हटतात, पण बिअर बिघडवणारी रानटी यीस्टं उलट फोफावतात. यीस्ट चांगलं की वाईट, हे ॲसिडला कळत नाही. हान्सेनने मग एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवायची पद्धत काढली.

पाश्चर तोवर आजारांकडे वळला होता. 1885 मध्ये कुत्रा चावलेल्या जोसेफ माइस्टरला त्याने रेबीजची लस दिली, 1888 मध्ये पॅरिसला त्याच्या नावाची संस्था उभी राहिली, आणि 28 सप्टेंबर 1895 ला तो गेला. हे तुम्ही शाळेत वाचलंय. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हान्सेनने दाखवलेलं भोक, कारण तेच भोक आपल्या शरीरातही आहे.

शरीर ॲसिडचा फिल्टर जागोजागी वापरतं. जठरात पीएच 2 च्या आसपास. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस हे बॅक्टेरिया लॅक्टिक ॲसिड बनवून पीएच 4 ते 4.5 ठेवतात. जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी गिळलेला जंतू आंबट पिशवीत कोंडतात. बऱ्याच जंतूंचा खेळ इथेच संपतो. कॅन्डिडा नावाचं यीस्ट, जे आपल्यापैकी अनेकांच्या आतड्यात गुपचूप राहतं, तग धरतं.

कसं? त्याच्या पेशीच्या आवरणावर पंप असतात, आत शिरलेले आम्लाचे कण सतत बाहेर फेकणारे. बाहेर पीएच काहीही असो, आतला पीएच 7 च्या जवळपास राहतो. यात बॅटरी, म्हणजे पेशीची ऊर्जा, भरपूर जाते. बॅकग्राउंडला जड ॲप चालू ठेवल्यासारखं. काही आम्लकण पेशीतल्या व्हॅक्युओल नावाच्या कप्प्यात भरले जातात. सगळ्यात बेरकी चाल मॅक्रोफेजच्या पोटात: कॅन्डिडा अमिनो ॲसिड खाऊन अमोनिया सोडतं. आंबटपणा उतरला की गोल पेशीला लांब तंतू फुटतो आणि गिळणाऱ्या पेशीलाच भोसकून बाहेर येतो.

म्हणून रील्सवर अंगावरून पांढरं जाणं आणि खाज यावर व्हिनेगर किंवा लिंबू लावायला सांगतात, ते ऐकू नका. कॅन्डिडा त्याच आंबटपणात वाढलेलं असतं, आणि भाजते ती आपलीच नाजूक त्वचा. डॉक्टर पीएच पट्टी वापरतात तेव्हा कॅन्डिडाच्या संसर्गात आकडा बहुतेकदा 4.5 च्या आतच राहतो, आणि बॅक्टेरियल व्हजायनोसिस असेल तर त्याच्या वर जातो. म्हणजे पट्टी नॉर्मल दाखवते आणि त्रास मात्र चालू असतो. अशा वेळी स्त्राव सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बघतात. बिगोंच्या टाकीतला थेंब बघितला, तसंच.