चिंतामण द्वारकानाथ देशमुख

चिंतामण द्वारकानाथ देशमुख (जन्म : नाते, महाड, १४ जानेवारी १८९६, मृत्यू : हैदराबाद, २ ऑक्टोबर १९८२) हे भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री व १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतील उमेदवार होते. सी.डी. देशमुख या नावाने ते परिचित आहेत.

केंब्रिज येथे निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेऊन १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत ते प्रथम आले. १९४३ मध्ये ते गव्हर्नर झाले.

==आंतरराष्ट्रीय कार्य==
जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे भरलेल्या ४४ राष्ट्रांच्या परिषदेत ते भारतीय शिष्टमंडळाचे सदस्य होते. देश परतंत्र असल्याने शिष्टमंडळाचे नेतृत्व सर जेरेमी रेझमन या ब्रिटिश अधिकाऱ्याकडे होते. तरीही युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेल्या भारताच्या स्टर्लिंग येण्याचा प्रश्न शिष्टमंडळाने तेथे मांडला. तो मान्य झाला नाही. नाणेनिधीत भारताचा हिस्सा ४० कोटी डॉलर, म्हणजे सहाव्या क्रमांकाचा ठरला. पुढे सोव्हिएत संघ सदस्य न झाल्याने भारत पहिल्या पाचांत आला व त्यास कार्यकारी संचालक नेमण्याचा हक्क मिळाला. वाटाघाटीने न साधलेली गोष्ट अशी अनपेक्षितपणे साधली. १९५० मध्ये नाणेनिधी व जागतिक बँकेच्या पॅरिस येथील संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षपद देशमुखांनी भूषविले. त्याच वर्षी ते अर्थमंत्री झाले.

==राजीनामा==
१९५२ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवून केंद्रशासित करण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. महाराष्ट्रात त्यांचे नाव अर्थकारणापेक्षा या राजीनाम्यामुळे अधिक स्मरणात राहिले. त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते.

==राष्ट्रपतिपदाची निवडणूक==
राष्ट्रपती झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर १६ ऑगस्ट १९६९ रोजी निवडणूक झाली. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी देशमुखांना उमेदवारी दिली. जागतिक संस्थांमधील अनुभव व पक्षनिरपेक्ष प्रतिमा ही त्यांची जमेची बाजू होती. परंतु लढत प्रत्यक्षात काँग्रेसमधील दोन गटांची ठरली आणि पक्षाचे पाठबळ नसलेल्या अनुभवास तीत फारसा वाव उरला नाही. पहिल्या पसंतीची मते व्ही.व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ व देशमुखांना १,१२,७६९ मिळाली. कोणासही बहुमत नसल्याने दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. देशमुखांच्या मतदारांपैकी बहुतेकांची दुसरी पसंती रेड्डी यांना होती. तरीही ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा फरकाने गिरी विजयी झाले.