आकड्यांमागची माणसे

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की, हाती दिवा घेऊन रात्री रुग्णांच्या खाटांमधून फिरणारी परिचारिका डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु दिव्याइतकीच नोंदवहीही त्यांच्या उपयोगी पडली, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात, इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत झाला. लहानपणापासून त्यांना गणिताची गोडी होती. परिचारिकेचे काम त्या काळी हलके मानले जाई. तरी घरच्यांचा विरोध सोसून त्यांनी तेच व्रत पत्करले.

१८५४ साली क्रिमियाचे युद्ध चालू असता ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. तेथे सर्वत्र घाण होती. मृतांच्या नोंदीही धड नव्हत्या. एका वहीचा आकडा दुसरीशी जुळत नसे. १८५५ च्या फेब्रुवारीत शंभरांतील सुमारे ४२ रुग्ण दगावले. मार्चमध्ये सरकारने पाठविलेल्या तज्ज्ञांनी गटारे साफ केली, हवा खेळती केली आणि जूनपर्यंत हे प्रमाण शंभरांत दोनांवर आले.

मायदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी सर्व नोंदी तपासल्या. शत्रूच्या शस्त्रांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक बळी घेतले होते. आणि ज्या रुग्णालयात त्या स्वतः झटल्या, तेथेच मृत्यू फार झाले होते. हे कटू सत्य त्यांनी झाकले नाही. रंगीत आकृत्या काढून ते राज्यकर्त्यांपुढे मांडले. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, अशी योजना त्यांनी १८६० साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे ठेवली. भारतात त्या कधी आल्या नाहीत. तथापि येथील आरोग्याची माहिती त्या मागवीत आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार करीत. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, आपल्या मालवणच्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढताना नाव, वय, गाव विचारले की रांगेतील माणूस कंटाळतो. परंतु कोणत्या वारी, कोणत्या वेळी किती रुग्ण येतात आणि त्यांना किती ताटकळावे लागते, हे नोंदींवरूनच कळते. ते कळले, तरच गर्दीच्या वेळी आणखी एक खिडकी उघडता येते, आणखी एक डॉक्टर बसविता येतो. मग पहाटेच्या एस.टी.ने आलेल्या आजारी आजीला दुपारपर्यंत बाकावर बसावे लागत नाही. नोंदवहीतील प्रत्येक आकडा म्हणजे एक माणूस, हे जाणणाराच ती नीट लिहितो.