गणपत कृष्णाजी : घरच्या घरी छापयंत्र बनवून तुपाच्या शाईत छपाई करणारा मराठी माणूस

घरी अधूनमधून लागणारा स्वस्तातला प्रिंटर घ्यायचा म्हटलं की आपण तीन गोष्टी बघतो. यंत्र कितीला, शाई कितीला आणि महिनाभर हात लावला नाही तर ती वाळून तर बसणार नाही ना? या तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण लेझर प्रिंटरकडे वळतात. त्याची शाई म्हणजे मुळातच कोरडी पूड, त्यामुळे ती वाळायचा प्रश्न येत नाही.

साधारण हाच हिशेब जवळपास दोनशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मराठी माणसानं मांडला होता. फरक एवढाच की त्यांना यंत्र दुकानात जाऊन घेता येत नव्हतं. त्यांचं नाव गणपत कृष्णाजी.

त्यांनी काय केलं हे समजायला आधी नृसिंहवाडीला जाऊ. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या या गावात नृसिंह सरस्वतींचं बारा वर्षं वास्तव्य होतं, असं मानतात. आज वाडीला देवळाकडे जाताना दुकानांत पेढ्यांच्या शेजारी 'गुरुचरित्रा'ची पोथी मिळते. सात दिवसांचं पारायण करायचं असेल तर पोथी घ्यायची आणि बसायचं, इतकं ते सोपं झालंय. पण छपाई येण्याआधी हीच पोथी कुणीतरी बसून पहिल्या ओवीपासून शेवटपर्यंत हातानं उतरवायचं. स्वतःला येत नसेल तर लिहिणाऱ्याला पैसे द्यायचे. म्हणजे घरात पोथी असणं हीच मोठी गोष्ट होती.

यावर छपाईचा उपाय वाडीपासून जवळच, मिरजेत, फार आधी करून पाहिला गेला होता. पेशवाईच्या शेवटच्या काळात नाना फडणवीसांच्या पुण्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यामुळे तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून छापायची कला एका तांबटाला शिकायला मिळाली. नाना १८०० मध्ये गेले. पुढे मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयानं १८०५ मध्ये भगवद्गीता अशा पत्र्यांवरून छापली गेली. काम अफलातून होतं, पण प्रत्येक पानासाठी नवा पत्रा आणि त्यावर उलटी अक्षरं कोरायची. संस्थानिकाच्या तिजोरीला हे झेपलं. साध्या माणसानं काय करायचं?

दुसरा रस्ता खिळ्यांचा, म्हणजे शिशाचे सुटे टाइप जुळवून छापायचा. मुंबईत अमेरिकन मिशननं १८१७ पासून मराठी मजकूर असा छापायला सुरुवात केली होती. इंग्रजीला हे सोपं जातं. देवनागरीत मात्र अक्षरं, काना-मात्रा, रफार, जोडाक्षरं असं सगळं धरलं की शेकडो वेगवेगळे खिळे लागतात, आणि प्रत्येकाच्या भरपूर प्रती. पहिलं पान छापायच्या आधीच माणूस कर्जात!

गणपत कृष्णाजी भंडारी समाजातले. हाताशी मोठं भांडवल नव्हतं. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातली छपाई त्यांनी जवळून पाहिली आणि आपल्या लोकांची पुस्तकं आपणच का छापू नयेत, हे त्यांच्या डोक्यात बसलं. तांबं आणि खिळे दोन्ही बाजूला ठेवून त्यांनी तिसरा पर्याय निवडला, शिळाछाप.

शिळाछापाची गंमत अशी की तिचा शोधच पैशांच्या अडचणीतून लागला. जर्मनीतला आलोइस सेनेफेल्डर हा नाटकं लिहायचा, पण ती तांब्यावर कोरून छापणं त्याला परवडेना. १७९० च्या दशकाच्या शेवटी त्याला दगडाची युक्ती सापडली. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईनं लिहायचं. मग दगड ओला करायचा. कोऱ्या जागेवर पाणी टिकतं, लिहिलेली जागा तेलकट असल्यानं पाणी घेत नाही. आता वरून छपाईची शाई फिरवली की ती फक्त लिहिलेल्या जागेवर बसते. कागद ठेवून दाब दिला की पान तयार.

इथे एकही खिळा लागत नाही. चांगलं अक्षर असलेला एक लेखक बसवला की पुरे. जोडाक्षर कितीही अवघड असो, हातानं लिहिता आलं की ते छापलं गेलं. पोथी लिहिणाऱ्यांची परंपरा ज्या समाजात आहे त्याच्यासाठी तर हे यंत्र जणू बेतूनच केलेलं. काम झालं की दगड घासून पुन्हा वापरायचा. माझ्या मते गणपत कृष्णाजींचा सगळ्यात हुशार निर्णय हाच.

पण शिकवायला कुणी नव्हतं. त्यांनी दगडाचे लहान तुकडे मिळवले, घरच्या घरी लाकडाचं छापयंत्र बनवलं आणि त्यावर प्रयोग सुरू केले. शाईसुद्धा स्वतःच तयार केली. छपाई जमतेय याची खात्री पटल्यावर मग लोखंडी यंत्र घेतलं. क्रम लक्षात घ्या. आधी कामचलाऊ यंत्र, मग खात्री, मग खर्च.

आता छापायचं काय? त्यांनी निवडलं पंचांग. पोथी एकदा घेतली की पिढ्यान्‌पिढ्या पुरते, पण पंचांग दर पाडव्याला नवं लागतं. मुंबईतच फर्दुनजी मर्झबान या पारशी गृहस्थांनी १८१२ मध्ये गुजराती छापखाना काढून दोन वर्षांत पंचांग छापलं होतं, म्हणजे हा धंदा चालतो हे दिसलं होतं. गणपत कृष्णाजींचं मराठी पंचांग १८३१ मध्ये, शके १७५३ चं म्हणून, छापून निघालं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश याच वर्षीचा. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' अजून यायचं होतं, ते ६ जानेवारी १८३२ ला आलं.

खरी अडचण पुढे आली, आणि ती तंत्राची नव्हती. छापायच्या शाईत जनावराची चरबी असते म्हणून जुन्या वळणाची माणसं छापील कागदाला शिवायला तयार नसत. ही निव्वळ अफवा होती असंही नाही. शिळाछापाच्या शाईत तेलकटपणासाठी चरबी खरोखरच वापरत. सोवळ्यात वाचायचा ग्रंथ चरबीनं छापलेला कसा चालेल?

गणपत कृष्णाजींनी वाद घातला नाही. त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप घातलं. जरा विचार केला तर हे फक्त लोकांची समजूत काढणं नव्हतं. दगडाला चरबीच पाहिजे असते असं नाही, त्याला स्निग्धता पाहिजे असते, आणि ती तुपात आहेच. शास्त्रही सांभाळलं आणि दगडही. घराघरात छापील पोथी जायची वाट इथून मोकळी होऊ लागली. अर्थात सगळे एका रात्रीत तयार झाले नाहीत, हातानं लिहिलेलीच पोथी पवित्र मानणारे पुढेही बरीच वर्षं होते.

शिळाछापावर जम बसल्यावर ते खिळ्यांकडे वळले. १८४० च्या दशकात त्यांनी साचे तयार करून स्वतःचे देवनागरी खिळे ओतले आणि त्यांवर छपाई सुरू केली. सुरुवातीला जे परवडत नव्हतं ते आता धंद्याच्या कमाईतून उभं राहिलं. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' या पुस्तकात त्यांच्या खटपटीची हकिगत लिहून कौतुक केलंय, आणि आज आपल्याला त्यांच्याबद्दल जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं तिथूनच येतं.

गणपत कृष्णाजी १८६० मध्ये वारले. चारच वर्षांनी जावजी दादाजींनी मुंबईत स्वतःची खिळे ओतायची शाळा, म्हणजे टाइप फाउंड्री, काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. देवनागरी छपाईत पुढे निर्णयसागरचा इतका दबदबा झाला की आधीचं नाव मागे पडलं.

दगड गेले, पण तेल-पाण्याची ती युक्ती गेली नाही. लग्नपत्रिका, कॅलेंडर, शाळेची पुस्तकं जिथे ऑफसेटवर छापली जातात तिथे ती आजही चालते, फक्त दगडाच्या जागी पातळ पत्रा आलाय. घरच्या लेझर प्रिंटरमध्ये कोणत्या जागेवर पूड चिकटायची हे ड्रमवरची स्थिर वीज ठरवते. तिथे तेलही नाही, पाणीही नाही, आणि तूप तर नाहीच.

गणपत कृष्णाजींच्या मागे त्यांचा छापखाना बरीच वर्षं त्यांच्याच नावानं चालला. एकोणिसाव्या शतकातली जुनी मराठी आणि संस्कृत पुस्तकं कुठे हाताला लागली तर मुखपृष्ठानंतरचं पान नीट बघा. खालच्या बाजूला ते नाव सापडू शकतं.